प्रश्न वाचकांचे: गणिताच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरसाठी प्रकल्प कोणता घ्यावा?

सिम्पाय, सेजमॅथ, सायलॅब ही गणिताची सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि त्यांचा कोड कुणालाही वाचता येतो, दुरुस्त करता येतो. विद्यार्थ्यांनी त्यात नेमकं कोणतं काम हाती घ्यावं, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: मी पुण्यात संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गूगल समर ऑफ कोडमधून (ओपन सोर्स प्रकल्पांसाठी उन्हाळ्यात मार्गदर्शकाच्या हाताखाली कोड लिहिण्याचा गूगलचा उपक्रम) सिम्पायसाठी अर्ज करायचा आहे. इंटिग्रेशन माझ्या आवडीचं, म्हणून ‘रिश अल्गोरिदम पूर्ण करणे’ असा विषय घ्यायचं ठरवलंय. योग्य आहे का?

विषय चांगला आहे, अडचण ‘पूर्ण’ या शब्दाची आहे. एखाद्या फलनाचा संकलक (ज्याचं विकलन केलं की ते फलन परत मिळतं) नेहमीच्या फलनांत लिहिता येतो की नाही, हे ठरवायची रीत रॉबर्ट रिश यांनी १९६८ ते १९७० च्या सुमारास मांडली. घातांकी आणि लॉगॅरिदमी फलनांपुरतं हे काम सिम्पायमध्ये २०१० च्या समर ऑफ कोडमध्ये सुरू झालं. ते करणारा विद्यार्थी, ॲरन म्यूरर, पुढे त्या प्रकल्पाचा प्रमुख झाला. तरीही त्या भागातले काही कोपरे आजही रिकामे आहेत, आणि वर्गमुळं-घनमुळं आली की सगळा सिद्धांतच वेगळा लागतो. बारा आठवड्यांत हे ‘पूर्ण’ करतो म्हणणारा अर्ज वाचला की मेंटॉरच्या, म्हणजे प्रकल्पातल्या मार्गदर्शकाच्या, लक्षात येतं, अर्जदाराने आहे तो कोड उघडून पाहिलेला नाही.

मग करायचं काय? तयार विषयांची यादी थोडी बाजूला ठेवा. सिम्पाय सोर्सवरून बसवा. तुमच्या गणिताच्या क्रमिक पुस्तकातली वीस निश्चित संकलनं त्याला सोडवायला द्या आणि प्रत्येक उत्तर आकडेमोडीने पडताळा. उदाहरणार्थ, शून्य ते २π या मर्यादांमध्ये १ भागिले (२ + कोस क्ष) याचं संकलन घ्या. पुस्तकी रीतीने टॅन (क्ष/२) साठी नवा चल घेतला की संकलक येतो (२/√३) गुणिले आर्कटॅन (टॅन (क्ष/२) / √३). आता मर्यादा घाला. क्ष = ० ला टॅन शून्य, क्ष = २π ला टॅन π, म्हणजे तेही शून्य. उत्तर शून्य! पण मूळ फलन तर कुठेच १/३ च्या खाली जात नाही, त्याचं क्षेत्रफळ शून्य कसं येईल? खरं उत्तर २π/√३, म्हणजे सुमारे ३.६२७६.

चूक झाली ती क्ष = π पाशी. तिथे टॅन (क्ष/२) अनंताकडे जातो आणि संकलक π/√३ वरून एकदम −π/√३ वर उडी मारतो. या उडीची उंची २π/√३, नेमकं तेवढंच गळालेलं. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की संकलकाचं विकलन करून पडताळलं तर ही चूक सापडतच नाही. उडीचा तो एक बिंदू सोडला तर विकलन सगळीकडे बरोबर येतं. संख्यात्मक संकलनाशी ताडून पाहिलं तरच ती पकडली जाते. अशी चूक कुठल्याही प्रणालीत शिरू शकते, आणि उत्तर न देणाऱ्या प्रणालीपेक्षा ठामपणे चुकीचं उत्तर देणारी प्रणाली कितीतरी जास्त नुकसान करते.

म्हणून विषय निवडताना स्वतःला पहिला प्रश्न हा विचारा: माझं उत्तर बरोबर आहे, हे मी कोणत्या स्वतंत्र मार्गाने तपासणार? ‘निश्चित संकलनात मर्यादांच्या मधल्या उड्या शोधणं, डावी-उजवी सीमा काढून त्या जमेस धरणं, आणि अशा शंभर उदाहरणांच्या टेस्ट (कोडचं उत्तर बरोबर येतं का ते आपोआप तपासणाऱ्या ओळी) लिहिणं’ हा विषय ऐकायला लहान वाटतो, पण उन्हाळाभर पुरतो. शिवाय दर आठवड्याला मेंटॉरला काहीतरी दाखवता येतं.

दुसरी गोष्ट माणसांची. त्या विषयात रस असलेला मेंटॉर नसेल तर उत्तम अर्जही मागे पडतो. मेंटॉर शोधायचा तो छोटी दुरुस्ती पाठवून. सिम्पायच्या अर्जासाठी तुमची किमान एक पुल रिक्वेस्ट (आपला बदल मूळ कोडमध्ये घ्यावा अशी विनंती) स्वीकारलेली असावी लागते. पहिल्या दुरुस्तीला परीक्षणाच्या फेऱ्या धरून दोन-तीन आठवडे सहज जातात, तेव्हा सुरुवात डिसेंबर-जानेवारीतच करा. त्या फेऱ्यांत तुमच्या कोडवर कोण सविस्तर लिहितं ते बघा. त्या व्यक्तीला विषयाबद्दल विचारा, आणि विचारताना तुम्ही चालवून पाहिलेली उदाहरणं सोबत द्या.

प्रश्न: सिम्पायला क्ष च्या वर्गाचं वर्गमूळ विचारलं तर ते ‘क्ष’ असं उत्तर देत नाही, आहे तसंच ठेवतं. हा बग मी दुरुस्त करू का? (एमएस्सी, सोलापूर)

हा बग नाही. क्ष = −३ घेऊन बघा: वर्ग ९, त्याचं वर्गमूळ ३, आणि ३ म्हणजे क्ष नव्हे. तुम्ही काहीच सांगितलं नाही तर सिम्पाय क्ष ला संमिश्र संख्या समजतं. क्ष वास्तव आहे असं चल घोषित करतानाच सांगितलं तर उत्तर क्ष चं केवल मूल्य येतं, धन आहे असं सांगितलं तर सरळ क्ष. लॉग (अ × ब) चे आपोआप लॉग अ + लॉग ब असे दोन तुकडे होत नाहीत, त्याचं कारणही हेच. अ = ब = −१ घ्या. डावीकडे १ चा लॉग, म्हणजे शून्य. उजवीकडे मात्र दोनदा πi, म्हणजे २πi.

बग नोंदवण्याआधी चलाच्या जागी −१, ०, १/२ आणि −i घालून दोन्ही बाजू ताडून बघायची सवय लावून घ्या. निम्मे ‘बग’ तिथेच विरतात. उरलेले नोंदवताना सॉफ्टवेअरची आवृत्ती, दिलेली आज्ञा, आलेलं उत्तर आणि अपेक्षित उत्तर या चारही गोष्टी लिहा.

याच ओघात एक इशारा: ‘कोणतीही राशी सोप्यात सोप्या रूपात आणणारं फंक्शन’ असा विषय घेऊ नका. साइन, घातांक, केवल मूल्य अशी साधीच साधनं वापरून बांधलेली राशी शून्य आहे की नाही, हे सर्व राशींसाठी ठरवणारा अल्गोरिदम असूच शकत नाही, हे रिचर्डसन यांनी १९६८ मध्ये सिद्ध केलंय. त्याचा व्यवहारातला परिणाम मॅट्रिक्समध्ये दिसतो. एखाद्या खणात साइन वर्ग अधिक कोस वर्ग वजा १ अशी राशी बसली असेल आणि ती शून्य आहे हे प्रणालीने ओळखलं नाही, तर गाउसच्या रीतीत तिलाच पिव्हट धरून भागाकार होतो आणि मॅट्रिक्सची रँक खऱ्यापेक्षा जास्त येते. अशी फसवी मॅट्रिक्स गोळा करणं, कुठे चुकतं ते नोंदवणं आणि त्यांच्या टेस्ट लिहिणं हे एमएस्सीच्या विद्यार्थ्याला मनापासून करण्यासारखं काम आहे.

प्रश्न: आम्ही नाशिकचे. देवळालीच्या कापरेकरांचा ६१७४ हा स्थिरांक एखाद्या गणिती सॉफ्टवेअरमध्ये घालावा, अशी आम्हा तिघा मित्रांची इच्छा आहे. हा प्रकल्प होऊ शकतो का? (बीएस्सी, द्वितीय वर्ष)

सरावासाठी याहून चांगला विषय नाही, कारण तो दिसतो सोपा आणि चकवतो फार. द. रा. कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. त्यांना ही प्रक्रिया १९४९ मध्ये सापडली. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावा आणि मोठीतून लहान वजा करा. हेच करत राहिलं की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं.

आता १००० घ्या. १००० वजा ०००१ म्हणजे ९९९. इथेच बहुतेकांचा कोड फसतो. संगणक ९९९ ला तीन अंकी समजतो, ९९९ वजा ९९९ करतो आणि शून्यावर अडकतो. पुढचं शून्य जपून ०९९९ धरलं तर गाडी रुळावर येते: ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ९९८१ − १८९९ = ८०८२, मग ८८२० − ०२८८ = ८५३२, आणि शेवटी ८५३२ − २३५८ = ६१७४. म्हणजे फंक्शनला संख्येबरोबर अंकांची लांबीही वेगळी द्यायला हवी.

दुसरा चकवा ११११ किंवा २२२२ सारख्या संख्यांचा. त्या पहिल्याच पायरीत शून्यावर जातात, आणि ‘६१७४ येईपर्यंत फिरत राहा’ असं लूप लिहिलं असेल तर प्रोग्रॅम कधीच थांबत नाही. तिसरा चकवा पाच अंकांचा. तिथे एकच स्थिरांक नाही, फेरे आहेत: ५३९५५ वरून ५९९९४ आणि तिथून परत ५३९५५. त्यामुळे स्थिरांकाऐवजी फेरा शोधायला हवा. आणि फेरा शोधणारं फंक्शन, ‘सायकल लेंग्थ’ नावाचं, सिम्पायच्या संख्या सिद्धांताच्या (नंबर थिअरी) विभागात आधीपासून आहे. ते ब्रेंटची रीत वापरतं. त्याला तुमची एक पायरी करणारं फंक्शन आणि १००० ही सुरुवात दिली की फेऱ्याची लांबी १ आणि फेऱ्याआधीची पदं ५ असं उत्तर मिळतं. नवं काही लिहिण्याआधी जुनं शोधायचं, ते याचसाठी.

मुख्य कोडमध्ये हे फंक्शन घेतलं जाईल का? मेंटेनर विचारतील, हे कोण वापरणार, कारण एकदा घेतलेलं फंक्शन त्यांना पुढे वर्षानुवर्षं सांभाळावं लागतं. नकार आला तर तो कापरेकरांना नाही, एवढं लक्षात ठेवा. त्याऐवजी हेच उदाहरण ‘सायकल लेंग्थ’च्या माहितीत घालण्याचा प्रस्ताव द्या. ते घेतलं जायची शक्यता अधिक आहे. जाता जाता आणखी एक: पायथनमध्ये कोड लिहिताना ‘६१७४’ हे देवनागरी अंक चालत नाहीत, पण अवतरणात मजकूर म्हणून दिले आणि पूर्णांकात बदलायला सांगितलं तर पायथन ते बिनतक्रार वाचतं.

प्रश्न: मी लातूर जिल्ह्यातल्या महाविद्यालयात गणित शिकवतो. तीस विद्यार्थी, चार जीबी रॅमचे वीस संगणक आणि हळू इंटरनेट. एका सत्रात प्रत्येकाला प्रकल्प द्यायचा आहे. काय द्यावं?

सर, सिम्पायपासून सुरुवात करा. ते शुद्ध पायथनमध्ये आहे आणि एमपीमॅथ ही एकच पूरक लायब्ररी त्याला लागते. कोडची पूर्ण प्रत एकदाच उतरवून घ्या आणि पेन ड्राइव्हने बाकी यंत्रांवर टाका. डेटा वाचवायला जुन्या बदलांचा इतिहास सोडून फक्त शेवटचा कमिट (नोंदवलेला बदल) उतरवायचा मोह होईल, पण मग ‘कोणत्या बदलामुळे हे बिघडलं’ हे शोधणारी गिट बायसेक्टची सोय हातची जाते, आणि विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त शिकवणारी तीच आहे. सगळ्या टेस्ट चालवायला जाऊ नका, या यंत्रांवर त्या संपता संपणार नाहीत. ज्या फाइलवर काम चाललंय तिच्याच टेस्ट चालवा.

सेजमॅथ या यंत्रांवर सोर्सवरून बांधायला घेऊ नका. त्याच्या पोटात गॅप, पारी, सिंग्युलर, मॅक्सिमा अशा कितीतरी प्रणाली आहेत. बांधणी कित्येक तास चालते आणि किमान दहा जीबी मोकळी जागा धरावी लागते. एकाच वेळी चार-चार कामं सुरू केली तर रॅम संपते आणि लिनक्स कंपायलरलाच मारून टाकतं. पडद्यावर फक्त ‘किल्ड’ एवढा शब्द उमटतो आणि मुलं दिवसभर कोडमध्ये चूक शोधत बसतात. बांधायचंच झालं तर एका वेळी एकच काम चालवा आणि रात्रभर सोडून द्या. तयार बांधलेली प्रत मिळत असेल तर तीच बसवावी.

तिघातिघांचे दहा गट करा आणि प्रत्येक गटाला एकेक विभाग द्या: एकाला सीमा (लिमिट), एकाला अवकल समीकरणं, एकाला मॅट्रिक्स. गटाने क्रमिक पुस्तकातली चाळीस उदाहरणं हाताने आणि सॉफ्टवेअरने सोडवून शेजारी शेजारी लिहायची आणि जिथे जुळत नाही तिथे कोण चुकलं ते ठरवायचं. गुण या वहीला द्या. पुल रिक्वेस्ट स्वीकारली गेली की नाही यावर गुण ठेवू नका, ते विद्यार्थ्याच्या हातात नसतं. शिवाय गुणांसाठी केलेल्या फुटकळ दुरुस्त्यांचा त्रास मेंटेनर लोकांना होतो. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ओपन सोर्सला हातभार लावणाऱ्यांना बक्षीस देणारा ऑक्टोबरमधला उपक्रम) टी-शर्टच्या आशेने जगभरातून इतक्या निरर्थक पुल रिक्वेस्ट गेल्या की आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलून, प्रकल्पाने स्वतः होकार दिला तरच त्या मोजायच्या, असं ठरवावं लागलं. तुमच्या दहा गटांतून दोनच खरे शोध बाहेर गेले तरी सत्र सार्थकी लागलं.

कोडमध्ये कमी रमणाऱ्या मुलांसाठी आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प आहे. त्यांच्या टेक्स्टबुक कम्पॅनियन उपक्रमात एखाद्या प्रमाण पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये लिहून द्यायची असतात. तिथे नेहमी होणारी गडबड अशी: पुस्तकाने मधल्या पायरीत १/३ ऐवजी ०.३३ घेतलेलं असतं आणि शेवटचं उत्तर दुसऱ्या-तिसऱ्या दशांश स्थळी हलतं. पुस्तकाशी जुळावं म्हणून कोडमध्ये ०.३३ घालू नये. बरोबर उत्तर ठेवावं आणि फरकाचं कारण शेजारी टिपेत लिहावं.

प्रश्न: सेजमध्ये मला हवा तो अल्गोरिदम आहे. तो उचलून सिम्पायमध्ये घातला तर? (ठाणे)

चालणार नाही. सेज जीपीएल परवान्याखाली आहे (त्यातला कोड वापरून वाटलेलं कामही त्याच परवान्याखाली द्यावं लागतं), सिम्पाय बीएसडीखाली (त्यात अशी अट नाही). सिम्पायचा कोड सेजला घेता येतो, उलटं करता येत नाही. भाषा बदलली किंवा चलांची नावं बदलली तरी ओळीमागे ओळ उतरवलेला कोड नक्कलच ठरतो. मूळ शोधनिबंध घ्या, त्यातला अल्गोरिदम समजून स्वतः लिहा आणि पुल रिक्वेस्टमध्ये त्या निबंधाचा उल्लेख करा. तुमचं उत्तर सेजच्या उत्तराशी ताडून पाहायला मात्र काहीच हरकत नाही. अवश्य पाहा.

प्रश्न: चॅटजीपीटीसारख्या साधनाने कोड आणि अर्ज लिहून घेतला तर पकडला जातो का? (अमरावती)

पकडला जाण्याची काळजी नंतरची. आधी तो कोड बरोबर आहे का ते बघा. गणितात या साधनांची एक ठरलेली चूक आहे: फंक्शन लिहितात, ते चालवून जे येईल तेच ‘अपेक्षित उत्तर’ म्हणून टेस्टमध्ये टाकतात. टेस्ट पास होते, पण काहीच सिद्ध होत नाही. अपेक्षित उत्तर बाहेरून यायला हवं: हाताने केलेलं, पुस्तकातलं, दुसऱ्या प्रणालीचं, किंवा गणिताच्या एखाद्या नियमातून निघालेलं. स्मिथ रूपाचं उदाहरण घ्या. पूर्णांकी मॅट्रिक्स अ ला डावीउजवीकडून उ आणि व या मॅट्रिक्सनी गुणून कर्णरूप आणलं, तर तीन गोष्टी तपासा: उ, अ, व यांचा गुणाकार खरंच तेवढा येतो का, उ आणि व यांचे निर्धारक +१ किंवा −१ आहेत का, आणि कर्णावरची प्रत्येक संख्या पुढच्या संख्येला निःशेष भागते का. या तिन्ही टेस्ट खोटं बोलू शकत नाहीत.

प्रत्येक प्रकल्पाचे याबाबतचे नियम वेगळे असतात, योगदानाच्या सूचनांमध्ये ते वाचा. साधन वापरलं असेल तर तसं लिहा. परीक्षणात ‘ही ओळ का?’ असं विचारलं की उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं. ज्या ओळीचं उत्तर देता येत नाही, ती पाठवू नका. अर्ज तर स्वतःच लिहा, मोडक्या इंग्रजीत का होईना. तुम्ही काय करून पाहिलं आणि कुठे अडलात, हे वाचायला मेंटॉर उत्सुक असतात.

प्रश्न: आमच्या विद्यापीठाच्या परीक्षा मे-जूनपर्यंत लांबतात. तरी समर ऑफ कोड जमेल? (नांदेड)

जमेल, फक्त आकार नीट निवडा. २०२४ पासून तीन आकार आहेत: ९०, १७५ आणि ३५० तास. ३५० तास बारा आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला २९ तास होतात, परीक्षेत ते अशक्य आहे. १७५ तासांना आठवड्याला साधारण पंधरा लागतात. मुदत मेंटॉरच्या संमतीने बावीस आठवड्यांपर्यंत वाढवता येते. सहभागी संस्थांची यादी साधारण फेब्रुवारीअखेर लागते, अर्ज मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात आणि काम मेअखेर किंवा जूनच्या आरंभी सुरू होतं. एका वेळी तीनपर्यंत अर्ज करता येतात, पण एकच नीट करा. २०२२ पासून विद्यार्थी असण्याची अटही उरलेली नाही, अठरा पूर्ण आणि ओपन सोर्समध्ये नवखे असलात की पुरे. तेव्हा यंदा परीक्षा आडवी येत असेल तर पदवीनंतरही अर्ज करता येईल.

अर्जातल्या वेळापत्रकात परीक्षेचे आठवडे स्पष्ट दाखवा आणि त्या आठवड्यांत शून्य तास लिहा. विद्यापीठाचं वेळापत्रक अजून लागलं नसेल तर मागच्या वर्षीच्या तारखा धरा आणि ‘बदलू शकतात’ असं नमूद करा. प्रकल्पाच्या मधोमध एक मूल्यमापन असतं. ते परीक्षेला लागून येत असेल तर त्याआधी पूर्ण करायचा भाग मुद्दाम लहान ठेवा, उदाहरणार्थ फक्त टेस्टचा संच आणि एक स्वीकारलेली दुरुस्ती.